इथे खेळू नये

“शहर ही काय खेळायची जागा आहे?”

हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडून ऐकलाय की आता तो आला की कानशिलं तापतात. शेवटचा ऐकला तो आमच्या भागातल्या नागरिकांच्या बैठकीत. मी एक लहानसा प्रस्ताव घेऊन गेले होते. शाळा आणि बसथांबा यांच्या मधल्या गल्लीत फुटपाथ थोडा रुंद करावा. वळणावरच्या ज्या तिकोनी तुकड्यात दोन नादुरुस्त मोटारी धूळ खात उभ्या आहेत, तिथे एक पार बांधावा. फरशीत ठिकरीच्या चौकटी आखाव्यात. रविवारी संध्याकाळी तीन तास गल्ली गाड्यांना बंद ठेवावी. एवढंच. एक निवृत्त, सज्जन, शहराबद्दल खरी तळमळ असणारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, “ताई, आधी पाण्याचं बघा, खड्ड्यांचं बघा. शहर स्मार्ट करायचंय की त्याची बालवाडी करायचीय?” लोक हसले. प्रस्ताव बाजूला पडला.

हसण्याचा मला राग आला नाही. राग आला तो ‘बालवाडी’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला याचा, आणि तोही ताराबाई मोडकांच्या महाराष्ट्रात. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेणाऱ्या, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवणाऱ्या ताराबाई. खेळणं आणि वाढणं एकमेकांपासून सोडवता येत नाही, हे त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडला डोळ्यांदेखत सिद्ध केलं. आज देशभर घराघरात माहीत असलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दात ते अंगण अजून आहे. आपल्या शहरांत ते उरलेलं नाही, आणि त्याची खंत करणाऱ्याला बालिश ठरवलं जातं.

त्या गृहस्थांचं म्हणणं मी नीट मांडते, कारण ते त्यांचं एकट्याचं नाही. अधिकाऱ्यांचं तेच आहे, नगरसेवकांचं तेच, सोसायटीच्या कमिट्यांचं तेच आणि दमूनभागून घरी येणाऱ्या आईबापांचंही तेच. शहर हे कामासाठी आहे. रस्ता वाहतुकीसाठी, फुटपाथ चालण्यासाठी, चौक ओलांडण्यासाठी. स्मार्ट शहर म्हणजे हे सगळं कमी वेळात, कमी अडथळ्यांत घडवून आणणारं शहर. खेळ ही सवड, सवड ही चैन आणि चैनीचा नंबर शेवटचा. ज्याला खेळायचंय त्यानं मैदानात जावं. मैदान लांब असेल तर पैसे भरून टर्फवर जावं. शिवाय रस्त्यावर खेळणं धोक्याचं, खेळणाऱ्यांचा गोंगाट त्रासाचा, आणि हल्लीच्या मुलांना मोबाइल सोडून खेळायचंय तरी कुठे? तेव्हा हे सगळे परदेशी चोचले आपल्याला परवडणारे नाहीत.

यातलं प्रत्येक वाक्य शहाणपणाचं वाटतं. म्हणूनच त्यातलं प्रत्येक वाक्य तपासायला हवं.

‘आधी पाणी, मग खेळ’ हे सर्वांत जुनं आणि सर्वांत जास्त चालणारं नाणं. पाणी महत्त्वाचं आहे हे मला कुणी सांगायला नको. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत मीही जिन्यात बसले आहे. पण या वाक्यात असं गृहीत धरलेलं असतं की खेळ पाण्याच्या पैशातून वाटा मागतो. पार बांधल्यामुळे जलवाहिनी अडली, असं एक तरी शहर मला दाखवा. केंद्र सरकारनं २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केलं. शंभर शहरं निवडली गेली. त्यांत महाराष्ट्रातली आठ होती: पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि तेव्हाचं औरंगाबाद. गोव्यातून पणजी. २०१६च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांची यादी लागली तेव्हा भुवनेश्वरच्या पाठोपाठ पुणे दुसरं होतं. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत पाचशे कोटींपर्यंत आणि राज्य व महापालिका यांच्याकडून तेवढेच, असा हिशोब होता. ३१ मार्च २०२५ला अभियानाची मुदत संपली. देशभरात आठ हजारांहून अधिक कामं हाती घेतली गेली. या सगळ्यात खेळानं कुठे कुणाच्या तोंडचं पाणी पळवलं? आणि याच अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपणं नि वाढवणं, वस्त्या चालता येण्याजोग्या करणं, ही स्मार्ट शहराची लक्षणं म्हणून स्वच्छ लिहिलेली आहेत. म्हणजे मी बैठकीत बाहेरून काही आणलं नव्हतं. कागदावर होतं तेच मागत होते.

आता श्रीमंतीचं बघू. खेळ हा पोट भरलेल्या शहरांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांनी १९४७चं ॲम्स्टरडॅम डोळ्यांसमोर आणावं. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली. १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात लोक उपासमारीनं मेले होते. ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले गेले होते. घरं कमी, सिमेंट कमी, लोखंड कमी. अशा शहराच्या नियोजन खात्यातल्या याकोबा मुल्डर यांनी वस्तीवस्तीत मुलांसाठी खेळायची जागा करायची कल्पना उचलून धरली, आणि आल्डो व्हान आइक या तिशीही न गाठलेल्या वास्तुरचनाकाराला काम दिलं. पहिली जागा बेर्टलमानप्लाइन नावाच्या चौकात झाली. वाळूचा एक हौद, उड्या मारायला काही दगड, कोलांट्या खायला लोखंडी दांड्या, मोठ्यांसाठी बाक. इतकंच. भोवती कुंपण नाही. पुढे लोकांनीच महापालिकेला पत्रं लिहिली, त्यांच्या गल्लीत मुलांसाठी जागा हवी म्हणून. ओसाड पडलेले तुकडे, घरं कोसळून रिकामे झालेले भूखंड, दोन रस्त्यांमधले कोपरे एकेक करून वापरात आले. १९७८पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. हे आधी सगळे खड्डे बुजवून मग खेळाकडे वळलेलं शहर नव्हतं. जे काही थोडं हाताशी होतं त्यातून त्यानं मुलांचा वाटा आधी बाजूला काढला.

बोगोटा हे तर युरोपातलंही नाही. कोलंबियाच्या या राजधानीत १९७४पासून ‘सिक्लोव्हिया’ चालतं. दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद होतात आणि लाखो माणसं सायकल, स्केट्स, कुत्री, नातवंडं घेऊन बाहेर पडतात. त्याला काय लागतं? अडथळे उभे करायला माणसं आणि तसं करायचं हा निर्णय. बोगोटाला ते चोचले वाटले नाहीत, तर आपल्यालाच का वाटावेत?

मग उत्तर येतं: मैदानं आहेत ना! कुठे आहेत? शहर नियोजनासाठी केंद्रानं २०१४ साली केलेल्या मार्गदर्शिकेत दरडोई दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. मुंबईत ती सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. सव्वा चौरस मीटर म्हणजे घरातली एक लहान सतरंजी. पण मैदानांची कमतरता हा माझा मुख्य मुद्दाच नाही. उद्या प्रत्येक प्रभागात एकेक मैदान झालं तरी माझं भांडण मिटणार नाही. कारण खेळ हा मैदानात पाठवून देण्याचा प्रकार आहे, ही समजूतच मुळात चुकीची आहे.

आपले खेळ आठवा. लगोऱ्या, विषामृत, साखळी, लंगडी, गोट्या, डबा ऐसपैस. यांतल्या कशाला मैदान लागतं? डबा ऐसपैस तर मैदानात खेळताच येत नाही. लपणार कुठे? त्या खेळाला जिने लागतात, बोळ लागतात, हौदामागची जागा लागते, कुणाच्या तरी ओट्याखालचा अंधार लागतो, आणि ‘इकडे लपू नकोस, इकडे तो आधी बघेल’ असं कुजबुजणारी एक आजी लागते. हे खेळ वाड्यांच्या चौकांतून, चाळींच्या व्हरांड्यांतून, गल्ल्यांच्या रचनेतून आले. शहराचा आकारच त्यांचं साहित्य होता. सपाट, आखलेलं, कुंपण घातलेलं मैदान क्रिकेटला आणि कबड्डीला हवं, जरूर हवं. पण सहा वर्षांच्या मुलीला रोज संध्याकाळी तासभर जे हवं असतं ते मैदान देऊ शकत नाही. ती तिथवर एकटी पोचूच शकत नाही. तिला कुणीतरी मोठ्यानं हात धरून दोन सिग्नल पार करून न्यावं लागतं. आई कामावरून सातला येते. बाबा आठला. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला तर नेणारं कुणीच नसतं. ‘मैदान आहे ना’ म्हणणाऱ्यांना दारापासून मैदानापर्यंतचं हे अंतर कधी चालून पाहावंसं वाटलंय का? जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनं १९६१ सालीच न्यूयॉर्कचे फुटपाथ पाहून लिहिलं होतं की, नियोजकांना वाटतं तितकी बाग सुरक्षित नसते आणि त्यांना वाटतो तितका फुटपाथ वाईट नसतो. फुटपाथवर दुकानदार असतात, येणारे-जाणारे असतात, नजरा असतात. मूल तिथे मोठ्यांच्या जगात वाढतं. साठ वर्षं झाली या गोष्टीला. आपण अजून मुलांना कुंपणाआड पाठवायला निघालो आहोत.

आणि मैदान चांगलं कशानं होतं, तेही बघा. दादरचं शिवाजी पार्क मुंबई महापालिकेनं १९२५ साली खुलं केलं. सुमारे अठ्ठावीस एकरांची जागा. तिथल्या खेळपट्ट्यांवरून केवढे खेळाडू घडले ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्या पार्कचं मोठेपण दिसतं ते त्याच्या कट्ट्यात. मैदानाला वेढा घालणारी ती ठेंगणी भिंत. तिच्यावर बसून म्हातारे राजकारण बोलतात, पोरं प्रेमात पडतात, दमलेली बाई पिशवी ठेवून दहा मिनिटं श्वास घेते. कट्टा कुणाला विचारत नाही की तू खेळाडू आहेस का, तुझं वय किती, तुझं इथे काम काय. आत आणि बाहेर यांच्यामध्ये त्यानं दार लावलेलं नाही. आता आपल्या नव्या बागा पाहा. भाल्यांसारखे गज, दुपारी कुलूप आणि दारावर फलक: गवतावर चालू नये, चेंडू आणू नये, बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळ्यावर बसू नये. ज्यांना मैदानात जा म्हणून सांगितलं त्यांच्या स्वागताला तिथे हा ‘नये’ उभा असतो. सोसायटीच्या आवारात ‘खेळण्यास सक्त मनाई’, रस्त्यावर मोटारी, बागेत ‘नये’. मग त्या मुलानं मोबाइल हातात घेतला की आपणच कपाळाला हात लावायचा?

‘हल्लीची मुलं मोबाइलवरच खेळतात’ हे विधान मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. कुठल्याही बंदच्या दिवसाची आठवण करा. रस्त्यावरून गाड्या हटल्या की अर्ध्या तासात तिथे स्टंप म्हणून विटा उभ्या राहतात. त्या मुलांना कुणी बोलावलेलं नसतं. कुणी शिबिर भरवलेलं नसतं, प्रशिक्षक नेमलेला नसतो. रस्ता सापडला एवढंच. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर मजुरांची मुलं दिवसभर काय करत असतात? पुण्यात शोभा भागवतांनी गरवारे बालभवनात वर्षानुवर्षं हेच धरून काम केलं की मुलाला जागा, वेळ आणि साधं साहित्य द्या आणि मोठ्यांची लुडबुड आवरा. मुलं खेळ विसरलेली नाहीत. खेळायच्या जागा आपण विकल्या, भरल्या, पार्क केल्या.

तंत्रज्ञानाचं मला वावडं नाही, हेही एकदा सांगून टाकते. ‘स्मार्ट म्हणजे कार्यक्षम, त्याचा खेळाशी काय संबंध’ असं विचारणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरातली २०१३ची गोष्ट ऐकावी. ‘खेळकर शहर’ या कल्पनेवर काम करणाऱ्या वॉटरशेड या तिथल्या संस्थेनं त्या वर्षी एका प्रयोगाला पुरस्कार दिला, ‘हॅलो लॅम्प पोस्ट’. शहरातल्या दिव्याच्या खांबांना, टपालपेट्यांना, बाकांना देखभालीसाठी क्रमांक दिलेले असतातच. आपल्याकडेही खांबांवर ते रंगवलेले असतात. त्या क्रमांकासह साधा एसएमएस पाठवला की तो खांब ‘जागा’ व्हायचा आणि प्रश्न विचारायचा. तुमचं उत्तर लक्षात ठेवायचा आणि पुढे येणाऱ्याला ते सांगायचा. नवं यंत्र बसवलं नाही, स्मार्टफोनची अट नाही. ज्या क्रमांकांचा उपयोग केवळ बिघाड नोंदवण्यासाठी होता त्यांच्याद्वारे अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली. पुढच्या वर्षीचा प्रयोग आणखी सुंदर होता. रस्त्यावरचा दिवा त्याखालून जाणाऱ्याची सावली टिपून ठेवायचा आणि मागून येणाऱ्याच्या पायाशी ती सोडायचा. थांबून माणसं त्या परक्या सावलीबरोबर नाचली. अंधारात पाहणारा कॅमेरा आपल्याकडेही चौकाचौकात आहे. तो आपल्याकडे संशयानं पाहतो. तिथे तोच खेळायला बोलावत होता.

आणि दिव्याच्या खांबाशी खेळणं परदेशातून शिकावं लागावं, इतके आपण कधीपासून विसराळू झालो? गिरगाव, लालबाग, परळच्या गल्ल्यांत रात्री नऊनंतर खांबाखाली कॅरम मांडला जायचा. महापालिकेचा दिवा, कुणाच्या तरी घरातून आलेलं स्टुल, बोरिक पावडरीची डबी मंडळाची. गिरणीतून सुटलेला कामगार, कॉलेजातला पोरगा, शेजारचा वाणी, सगळे एका बोर्डाभोवती. राणी कुणाची यावरून वाद, आणि वादात अख्खी गल्ली. त्या खांबाला सेन्सर नव्हता, पण त्याच्या उजेडात कुणी कुणाला परकं राहत नव्हतं. आज त्या खांबावर एलईडी आहे, कॅमेरा आहे, वायफायची पेटी आहे. खाली मोटार उभी आहे. शहर हुशार झालं की आंधळं? शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष बसले. भिंतभर पडद्यांवर गाड्यांची रांग दिसते, सिग्नल तिच्याप्रमाणे वेळ बदलतो. त्याच चौकात नातवाचा हात धरून पाच मिनिटं ताटकळलेली आजी त्या यंत्रणेला दिसते का? दिसत नसेल तर ती हुशारी कुणाच्या कामाची?

आता सुरक्षिततेचा मुद्दा. रस्ता धोक्याचा आहे, म्हणून मुलांना रस्त्यावरून हटवा. हे तर्कशास्त्र मला कधीच समजलेलं नाही. घरात साप शिरला तर आपण सापाला बाहेर काढतो की मुलाला? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुलं मेली. तिथल्या आईबापांनी मुलांना घरात कोंडलं नाही. ते रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावानं आंदोलन उभं केलं. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात एक वेगळी गल्ली आकाराला आली होती. मोटार येऊ शकते, पण माणसाच्या चालीनं. झाडं, बाक, वळणं अशी मांडलेली की वेग घेताच येऊ नये. आणि मुलांना रस्त्याच्या मधोमध खेळायचा हक्क. १९७६मध्ये तिला कायद्याची मान्यता मिळाली. डच भाषेत त्या गल्लीला ‘वोनएर्फ’ म्हणतात. म्हणजे राहत्या वस्तीचं अंगण. पुन्हा तोच शब्द, ताराबाईंचा. आज सायकलींसाठी आपण ज्या देशाचे गोडवे गातो, तो देश असा घडला आहे, मेलेल्या मुलांसाठी भांडणाऱ्या माणसांकडून.

रस्ता बंद करणं आपल्याला शक्यच नाही, असं कोण म्हणतं? गणपतीचे दहा दिवस आपण शहरातले मुख्य रस्ते मांडवांना देतो. विसर्जनाला पुण्याचा मध्यभाग रात्रंदिवस माणसांचा असतो. पालख्या येतात तेव्हा वाहतूक वळवली जाते आणि त्या मोकळ्या रस्त्यावर डोक्यावरची तुळस शेजारणीकडे देऊन साठीची वारकरी बाई फुगडी घालते. कुणी तिला म्हणतं का, ‘आजी, रस्ता काय खेळायची जागा आहे’? तेव्हा आपण मोबाइल काढून कौतुकानं फोटो घेतो. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-पिंगा खेळणाऱ्या, भोंडल्याला फेर धरणाऱ्या समाजाला खेळ ही पोरांची गोष्ट वाटायला लागावी, हे नवल आहे. देवाच्या निमित्तानं रस्ता दहा दिवस देता येतो तर मुलांच्या निमित्तानं आठवड्यातले तीन तास का नाही? मुंबईत २०२२च्या मार्चपासून पोलिसांनीच पुढाकार घेऊन रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे रस्ते लोकांना खुले केले होते. पुण्यात २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांविना असतो. शहर कोसळल्याचं ऐकिवात नाही. ब्रिस्टॉलमध्येच २००९ साली दोन आयांनी शेजाऱ्यांना विचारून आपली गल्ली शाळा सुटल्यावर काही तास बंद ठेवली. पुढे तिथल्या प्रशासनानं त्यासाठी रीतसर परवानगीची सोय केली. आमच्या बैठकीत तर मी परवानगी आधीच मागत होते.

गोंगाटाबद्दल मी फार बोलणार नाही. ज्या गल्लीत पहाटे पाचला हॉर्न चालतात तिथे संध्याकाळी सहाला मुलांचं ओरडणं असह्य होत असेल, तर अडचण आवाजाची नाही.

एक गोष्ट मात्र मला माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायची आहे. खेळकर शहर म्हटलं की आपल्याकडे ‘आय लव्ह’ आणि पुढे शहराचं नाव अशी मनुष्याएवढी अक्षरं उभी राहतात. उड्डाणपुलाखाली फायबरचे हत्ती, खांबांवर रंग बदलणारी फुलपाखरं, संगीतावर उडणारी कारंजी. नगरसेवक निधीतून ओपन जिमची चार यंत्रं, त्यांवर पाचपट मोठा नामफलक. यातल्या कशाशी खेळता येतं? समोर उभं राहून फोटो काढायचा आणि निघायचं. हत्तीवर चढलं की सुरक्षारक्षक शिट्टी मारतो. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिरली, जिने चढली, खिडकीतून बाहेर डोकावली. त्या बुटाला आत होतं. आजच्या शोभेच्या वस्तूंना फक्त बाहेर आहे. माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखालची बाग मला आवडते ती याच कारणानं. रहिवाशांनी पाठपुरावा करून ती जागा मिळवली आणि २०१६ साली तिथे नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेणारी पायवाट झाली. पुलाच्या सावलीत माणसं चालतात, बसतात, मुलं पळतात.

मुलींचाही विचार केल्याशिवाय हे पुरं होत नाही. व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून नाहीशा होतात. मुलं मोठी जागा बळकावतात आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. १९९९मध्ये दोन बागांची रचना बदलली: एका मोठ्या मोकळ्या मैदानाऐवजी अनेक लहान जागा, पायवाटा, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन. मुली परत आल्या. आपल्या मैदानांवर संध्याकाळी सहाला एकाच वेळी क्रिकेटचे सात डाव चालतात. बारा वर्षांच्या किती मुली दिसतात? मुंबईतल्या बायकांच्या वाट्याच्या सार्वजनिक जागेवर शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाईला रस्त्यावर थांबायचं तर हातात पिशवी लागते, कानाला फोन लागतो, काहीतरी काम लागतं. निव्वळ रमायला थांबण्याचा तिला हक्क नाही. आमच्या गल्लीतल्या पारावर मला मुलांइतक्याच या बायका बसलेल्या पाहायच्या आहेत.

भारतानं १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क लिहिलेला आहे. पाणी आल्यावर, खड्डे बुजल्यावर, निधी उरल्यावर, अशी शर्त त्यात नाही. आठ वर्षांच्या मुलीचं आठवं वर्ष निविदा निघेपर्यंत थांबत नाही. आपण ‘आधी’ म्हणतो तोवर ती दहावीत गेलेली असते आणि रस्त्यावर थांबणं तिच्यासाठी कायमचं बंद झालेलं असतं.

म्हणून पुढच्या बैठकीला मी तोच प्रस्ताव घेऊन जाणार आहे, एक ओळही कमी न करता. रुंद फुटपाथ, पार, फरशीतल्या चौकटी, रविवारचे तीन तास. या वेळी गल्लीतल्या एकेचाळीस घरांच्या सह्या सोबत आहेत. त्यांतली एक सही खड्ड्यांची तक्रार दर महिन्याला न चुकता करणाऱ्या माणसाची आहे. त्या तिकोनी तुकड्यातल्या दोन मोटारी अजून तिथेच आहेत. त्यांच्या मधे जेमतेम चार फूट जागा आहे. शाळा सुटल्यावर तीन मुली तिथे दप्तरं टेकवतात आणि विटेच्या तुकड्यानं डांबरावर ठिकरीच्या सहा चौकटी काढतात. पावसानं पुसल्या की पुन्हा काढतात.